टोंकिन नियम

पोर्ट हॅलोरन येथील रहिवासी मर्व्हिन टोंकिन यांचं फेब्रुवारीच्या अखेरीस निधन झालं. गावाने त्याची रीतसर दखल घेतली. सागरी बचावपथकाच्या तळावरचा झेंडा अर्ध्यावर आला, बोलिंग क्लबने शनिवारचा सामना पुढे ढकलला, आणि शेजाऱ्यांनी फ्रीजमध्ये मावणार नाहीत इतके लझान्याचे ट्रे आणून दिले. बातमी कळली नाही ती फक्त त्यांच्या संगणकाला. तो सुरू केला की विचारायचा, "कसे आहात, मर्व?" आणि उत्तरासाठी न थांबता पुढे सांगायचा, "मर्व, तुम्ही धोक्यात आहात."

मर्वची मुलगी रेलीन ॲडलेडहून घर आवरायला आली होती. कपडे, भांडी, मासेमारीच्या काठ्या यांची विल्हेवाट तिने नेटाने लावली. संगणकापाशी मात्र तिचं घोडं अडलं, आणि तो काही टाकून देता येत नव्हता.

कारण असं, की मर्व गेली कित्येक वर्षं रोज सकाळी बचावपथकाच्या रेडिओवरून हवामान वाचत असत. वारा कुठला, लाटा किती, भरती कधी. सगळ्या आखातातल्या होड्या त्यांचं ऐकून मग दोर सोडायच्या. आपलं कुठे चुकलं ते नंतर तपासता यावं म्हणून ते प्रत्येक वाचन घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करून ठेवत. येत्या रविवारी धक्क्यावरून त्यांची राख समुद्रात सोडायची होती. तळावरच्या मंडळींनी ठरवलं होतं, की त्या सकाळी नेहमीच्या वेळी मर्वचाच आवाज एकदा शेवटचा रेडिओवर जाऊ द्यायचा, आणि होड्यांनी त्याला उत्तर द्यायचं. रेलीनने फक्त एक ध्वनिमुद्रण आणून द्यायचं होतं. कुठलंही चाललं असतं.

रेलीनची स्वतःची एक अडचण होती. ती तिने कोणाला सांगितली नव्हती. वडिलांचे शब्द तिला आठवत होते. नैर्ऋत्येच्या वाऱ्याचं नाव घेण्याआधी ते हलकंसं खाकरायचे, हेही आठवत होतं. पण आठवताना सगळं तिच्या स्वतःच्या आवाजात ऐकू येत होतं. खाकरणंसुद्धा.

संगणक सुरू व्हायला लागणाऱ्या वेळात किटली उकळायची, चहा पिऊन व्हायचा आणि कप धुऊन पालथा पडायचा. मग एकेक मंडळी पडद्यावर हजेरी लावायची. आधी तीन पहारेकरी, म्हणजे व्हायरस पकडणारे प्रोग्रॅम. प्रत्येकाचं म्हणणं, की उरलेल्या दोघांवर आपला विश्वास नाही. मग एका छपाईयंत्राचा मदतनीस. ते यंत्र केव्हाच भंगारात गेलं होतं, पण हा रोज त्याला शोधायचा आणि सापडत नाही म्हणून दिलगिरी व्यक्त करायचा. मग नॉर्वेमधल्या कुठल्याशा शहराचं हवामान. तिथे बर्फ पडत होता. मग बाहेर मांस भाजायच्या शेगड्यांवरची सवलत. सर्वांत शेवटी एक चौकट यायची आणि मर्व आज किती समाधानी आहेत ते एक ते पाच चांदण्यांत विचारायची. एवढं होईतो पहिला पहारेकरी जाहीर करायचा, की आपल्यात महत्त्वाची सुधारणा झालेली असल्यामुळे संगणक आता बंद होऊन पुन्हा सुरू होईल. आणि तो बंद व्हायचा. एखादी फाइल शोधण्याइतका वेळ रेलीनला कधी मिळालाच नाही.

ही मंडळी घरात शिरली कशी, हे गूढ नव्हतं. मर्वला नाही म्हणता यायचं नाही. पोर्ट हॅलोरनमध्ये ते कोणालाच येत नाही. दारात आलेल्या विक्रेत्याला तिथे आधी खुर्ची देतात, मग तो काय विकतोय ते विचारतात. मर्वने याच रीतीने दोन व्हॅक्यूम क्लीनर आणि एक धर्म घेतला होता. संगणकावर कोणी "परवानगी आहे का?" असं विचारलं, की ते म्हणत, "एवढं विचारतोय बिचारा," आणि हो दाबत.

रेलीनने एकेकाला बाहेर काढायचं ठरवलं. सुरुवात पहिल्या पहारेकऱ्यापासून केली.

"जाण्याआधी कारण सांगाल का?" त्याने विचारलं. खाली पर्याय होते: किंमत, मन बदललं, इतर. रेलीनने "इतर" निवडलं. "कृपया इतर म्हणजे काय ते सांगा." तिने लिहिलं, "मालक वारले."

"हे ऐकून वाईट वाटलं, मर्व," उत्तर आलं. "तुमच्यासाठी आमच्याकडून पुढचे तीन महिने मोफत."

तेव्हा तिने मदतीच्या क्रमांकावर फोन केला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक प्रसन्न मुलगी बोलू लागली.

"मर्वशी बोलता येईल का, मॅडम?"

"ते वारले. मी त्यांची मुलगी."

"अरेरे. मग ते केव्हा भेटतील? मी नोंद करून ठेवते."

"ते वारलेत हो. तुमचा प्रोग्रॅम काढून टाकायचा आहे, बस."

"ते खातेदारानेच सांगावं लागतं, मॅडम. त्यांच्याच सुरक्षिततेसाठी आहे हे."

"ते आता पूर्ण सुरक्षित आहेत."

"वा!" मुलगी मनापासून म्हणाली. "मग सेवेबद्दल समाधानी आहेत, असं लिहू ना?"

रेलीनने फोन ठेवला आणि शहाणी माणसं अशा वेळी जे करतात तेच केलं. संगणक साफ करून देणारा एक फुकट प्रोग्रॅम उतरवून घेतला. तो चालू असेतो संगणक बंद होत नव्हता, पण दुसरं काही उघडतही नव्हतं. त्याने घटकाभर घरघर करून हजारो दोष शोधले, त्यांतला एकही दुरुस्त केला नाही, आणि सोबत आपला एक भाऊ आणला. हा भाऊ चौथा पहारेकरी होता.

शेजारचा ॲथल दुपारी लझान्याचे रिकामे ट्रे न्यायला आला, तेव्हा ती पडद्यासमोर हात टेकून बसली होती. ॲथलने जन्मभर खेकडे आणि शेवंडं पकडली होती. त्याने संगणकाकडे, जाळ्यात भलतंच काही आल्यावर बघावं तसं बघितलं.

"पोरी, एकटी झगडू नकोस त्याच्याशी. उद्या गुरुवार. क्लबात ने."

"कुठल्या क्लबात, ॲथलकाका?"

"ज्येष्ठ नागरिक संगणक क्लब. बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत भरतो. तुझा बाप उपाध्यक्ष होता की. सगळे मिळून मोकळा करतील तो डबा. आणि ग्लेनिसचे गरमागरम स्कोन असतात, लोणी-मुरंबा लावून खायचे."

"तुम्हीपण सदस्य आहात?"

"मी चहाप्रमुख," ॲथल म्हणाला. "आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

ज्येष्ठ नागरिक संगणक क्लबात सदस्यांपेक्षा पदं जास्त होती, त्यामुळे काहींना दोन दोन सांभाळावी लागत. अध्यक्ष नेव्हिल क्लोस हे धान्यगोदामाचे निवृत्त व्यवस्थापक. चिटणीस ग्लेनिस हॉपगुड. तंत्रप्रमुख ट्रेव्हर बॅस्कोम्ब. स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर असल्यामुळे त्यांची निवड बिनविरोध झाली होती. सभा वेळेवर सुरू झाली. ग्लेनिसने उपस्थिती वाचली.

"अनुपस्थित, दिलगिरी कळवून: मर्व टोंकिन."

रेलीनने मान वर केली. "त्यांनी दिलगिरी कळवली?"

"तशी कळवली नाही गं," ग्लेनिस हळूच म्हणाली. "पण नुसतं अनुपस्थित लिहायचं म्हणजे कसं वाटतं ते? आणि नाव काढायचं तर त्याचा लेखी राजीनामा लागतो. नाहीतर मग वार्षिक सभा. काढायची घाई कोणाला आहे?"

संगणक टेबलावर ठेवला होता. नॉर्वेत बर्फ पडत होता. रेलीनने थोडक्यात सांगितलं, की आत बाबांची ध्वनिमुद्रणं आहेत, रविवारी त्यांतलं एक हवंय, आणि हे नको असलेले प्रोग्रॅम काही उघडू देत नाहीत. तेवढे काढून द्या.

"अध्यक्षांच्या मार्फत बोलायचं," नेव्हिल म्हणाले.

"बरं. अध्यक्षांच्या मार्फत: हे नको असलेले प्रोग्रॅम काढून द्या."

"नको असलेले," नेव्हिलनी शब्द जिभेवर घोळवला. "पण कोणाला नको असलेले? आपण नियमाने चालणारी संस्था आहोत, रेलीन. उद्या कोणी म्हणेल, मला नेव्हिल नको. मग?"

ग्लेनिसने ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

"एकेकाची बाजू ऐकून घेऊ," नेव्हिल म्हणाले.

बाजू ऐकण्यात तासभर गेला. छपाईयंत्राच्या मदतनिसाबद्दल ट्रेव्हरचं मत पडलं, की तो कोणाची तरी वाट पाहतोय, अशाला मध्येच उठवणं बरं नव्हे. शेगडीच्या सवलतीला ग्लेनिसने हात लावू दिला नाही. "फक्त परवापर्यंतच आहे," ती म्हणाली, "आणि झाकणासकट." पहारेकऱ्यांचा प्रश्न नाजूक होता.

"यांतला एक काढला तर?" नेव्हिलनी विचारलं.

"तर उरलेल्यांना संशय घ्यायला माणूस कमी पडेल," ट्रेव्हर म्हणाले. "मग ते आपल्यावर घेतील."

"आणि हे नॉर्वे?"

"कोणाचं काय बिघडवतंय, नेव्हिल? लांब आहे ते."

"ते संगणक उघडू देत नाहीत," रेलीन म्हणाली. "अध्यक्षांच्या मार्फत."

नेव्हिलनी चष्मा काढला. गोदामात असताना ते चष्मा काढत तेव्हा कोणाची तरी बदली होई. "आपण भावनेच्या भरात जातोय," ते म्हणाले. "तिला एक वाटतं, ग्लेनिसला एक वाटतं. आपल्याला हवंय ते असं माप, की ज्यात कोणाचं वाटणं येत नाही. ट्रेव्हर, कोणता प्रोग्रॅम कितपत वापरात आहे, हे यंत्र सांगतं ना?"

"सांगतं. शेवटचा कधी वापरला, त्याची तारीख असते. त्या नवीन सफाईवाल्यात यादीच येते. वर खूप वापरातले, खाली न वापरातले. खालच्याला खूण करायची, की तो मुळासकट जातो."

"झालं तर! जे वापरात आहे ते राहील. वापरात नाही ते जाईल. यात कोणावर अन्याय आहे?"

कोणावरच नव्हता. नियम एकमताने मंजूर झाला. रेलीननेही मान डोलावली. ज्याला काही अर्थ आहे असं वाक्य तिने त्या दिवसभरात पहिल्यांदाच ऐकलं होतं.

ट्रेव्हरने यादी वाचायला घेतली. "पहिला पहारेकरी. शेवटचा वापर: आत्ता. दुसरा: आत्ता. तिसरा: आत्ता. नवा आलेला भाऊ: आत्ता. नॉर्वे: आत्ता. सवलत: आत्ता. समाधानाच्या चांदण्या..."

"आत्ता?"

"आत्ता."

"काय मंडळी आहेत!" नेव्हिल भारावून म्हणाले. "एक क्षण हातावर हात ठेवून बसत नाहीत. माझ्या गोदामात अशी चार माणसं असती ना!"

"त्यांना कोणी वापरत नाहीये," रेलीन म्हणाली. "ते आपलं आपणच वापरताहेत."

"वापर तो वापर, रेलीन. कोण करतंय यात नियम पडत नाही."

एवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून ॲथलचं डोकं आत आलं. "चहा झालाय," तो म्हणाला. "स्कोन बाहेर काढलेत."

इथे पोर्ट हॅलोरनच्या सार्वजनिक जीवनातली एक पद्धत सांगायला हवी. स्कोन बाहेर आले की उरलेले विषय एकगठ्ठा मंजूर करतात. गावातली पाण्याची टाकी अशीच मंजूर झाली, आणि गोल चौकही. एकगठ्ठा ठरावाला विरोध करणं म्हणजे सर्वांच्या देखत लोणी घट्ट होऊ देणं, आणि असा माणूस अजून त्या गावात जन्मलेला नाही. जन्मला असल्यास ॲडलेडला राहायला गेला असावा. पण तिथे राहून आलेली रेलीनही मूळची याच गावची होती.

"खाली किती राहिलेत?" नेव्हिलनी घड्याळाकडे न बघता विचारलं.

"बरेच आहेत. पत्रं लिहायचा प्रोग्रॅम, शेवटचा वापर फेब्रुवारी. बुद्धिबळ, फेब्रुवारी. फोटोंचं काहीतरी, नाताळ. आरबी-दोन, फेब्रुवारी."

"आरबी-दोन काय आहे?"

ट्रेव्हरने स्क्रू ड्रायव्हरने कान खाजवला. "काय की. जुनं दिसतंय. पण जागा मात्र अफाट व्यापलीय. डिस्क काठोकाठ भरलीय ती यानेच."

"कोणाला माहिताय?" नेव्हिलनी खोलीभर नजर फिरवली. ग्लेनिसला माहीत नव्हतं. रेलीनने आठवून पाहिलं. ती "हवामान" किंवा "रेडिओ" असं काही नाव शोधत होती. तसं यादीत कुठे नव्हतं. खोलीत लोण्याचा वास पसरला होता. सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे वळले होते, प्रेमाने, आणि थोडे भुकेने.

"फेब्रुवारीपासून कोणी हात लावलेला नाही," नेव्हिल म्हणाले. "मग खालचे सगळे एकगठ्ठा. कोणी मांडतंय?"

"मी," ट्रेव्हर म्हणाले.

"अनुमोदन?"

"माझं," ग्लेनिस उठता उठता म्हणाली.

"घरच्यांची संमती?"

रेलीनचा हात वर गेला. तो तिने वर केला असं म्हणता येणार नाही. खोलीतले सगळे हात वर चालले होते, त्यांच्याबरोबर तोही गेला.

"विरोध कोणाचा? नाही. मंजूर."

ट्रेव्हरने बटण दाबलं. संगणकाने विचारलं, "प्रोग्रॅमसोबत त्यांतली माहितीही काढायची का?" ट्रेव्हर म्हणाले, "मुळासकट म्हणजे मुळासकट," आणि हो दाबलं. यंत्र थोडा वेळ गप्प झालं. मग बंद झालं. आणि पुन्हा सुरू केल्यावर, ग्लेनिसने बरणीतून मुरंबा काढायच्या आत, पडदा लख्ख उघडला.

"मर्व," पडद्यावर अक्षरं आली, "तुमच्या संगणकावरचं मोठं ओझं उतरलं आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चारही पहारेकरी जागेवर होते, नॉर्वेत बर्फ पडत होता, पण आता सगळे कसे झरझर येत होते, ऐसपैस जागेत हातपाय पसरत. नेव्हिलचे डोळे पाणावले. "नियमाने वागलं की असं होतं," ते म्हणाले.

"आता ध्वनिमुद्रणं उघडू या," रेलीन म्हणाली.

ट्रेव्हरने एक कप्पा उघडला. मग दुसरा. कप्पे आता फार पटापट उघडत होते. रिकामा कप्पा उघडायला वेळ लागत नाही.

ॲथल ट्रे घेऊन बाहेर आला तेव्हा सगळे त्या उघड्या कप्प्याकडे बघत होते. "काय झालं? कोण गेलं?" त्याने विचारलं.

"ॲथलकाका," रेलीन म्हणाली, "आरबी-दोन म्हणजे काय, तुम्हाला माहीत नसेलच."

"का नसेल? रेडिओ बेस, दोन नंबरचा सेट. तळावरच्या कोणीतरी बनवून दिलेलं. मर्व त्यातच तर टेप करायचा रोज." त्याने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "का? सापडलं का ते?"

ट्रेव्हरने पुढचा अर्धा तास मान वर केली नाही. मग म्हणाले, की साध्या रीतीने पुसलेलं असतं तर परत मिळालं असतं. पण हा सफाईवाला पुसून झालं की त्यावरून परत परत फडका मारतो, म्हणजे कोणालाच कधीच काही सापडू नये. हेच त्याचं वैशिष्ट्य म्हणून वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

"प्रत कुठे काढून ठेवलेली नव्हती का?" रेलीनने विचारलं.

"प्रत काढणारा प्रोग्रॅम होता," ट्रेव्हर म्हणाले. "यादीत सगळ्यात खाली. तो म्हणे रोज विचारायचा, प्रत काढू का? आणि मर्व रोज म्हणायचा, नंतर. म्हणजे कधी वापरच झाला नाही त्याचा."

मर्व नाही म्हणाले नव्हते. त्यांना नाही म्हणता येत नसे.

"हे बघ, रेलीन," नेव्हिल घसा साफ करून म्हणाले. "मार्ग आहे. ठराव मागे घेता येतो. पंधरा दिवस आधी लेखी सूचना द्यायची, पुढच्या सभेत विषय घ्यायचा."

"त्याने आवाज परत येईल?"

"आवाज नाही येणार. पण ठराव मागे घेतला जाईल. इतिवृत्तात तशी नोंद राहील. आणि क्लबला अतीव दुःख झालंय, असा ठराव मी आत्ता मांडतो. त्याला सूचना लागत नाही."

तो ठरावही एकमताने मंजूर झाला. ग्लेनिस तिच्याजवळ आली. तिने लोणी लावलेला स्कोन रेलीनच्या हातात दिला. रेलीनने तो खाल्ला. पूर्ण खाल्ला. छान झालाय, म्हणाली.

रविवारी धक्क्यावर बरीच गर्दी होती. ठरल्या वेळी ॲथलने रेडिओचं बोलायचं बटण दाबलं आणि म्हणाला, "पोर्ट हॅलोरन तळावरून, आजचं हवामान." त्यापुढे तो काही बोलला नाही. बटण मात्र त्याने सोडलं नाही. मर्वला वाचायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ ते तसंच दाबून धरलं. वारा कुठला ते कोणी सांगितलं नाही. तो ऐकू येत होता. मग ॲथलने बटण सोडलं आणि होड्या एकामागून एक आपापलं नाव सांगून म्हणाल्या, ऐकलं, मर्व. ऐकलं. ऐकलं.

रेलीनने राख सोडली. वारा नैर्ऋत्येचा होता, त्यामुळे त्यातली थोडी परत तिच्या बाहीवर आली. ती तिने झटकली नाही.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण नियम एकदा मंजूर झाला की तो घरी बसत नाही. नेव्हिल क्लोस यांनी या प्रयोगाचा अहवाल नगरपालिकेला सादर केला. इतक्या कमी वेळात इतकं मोठं ओझं उतरल्याचं उदाहरण पालिकेच्या पाहण्यात नव्हतं. मेच्या अखेरीस, तिकडच्या हिवाळ्याच्या तोंडावर भरलेल्या सभेत, केक बाहेर आल्यानंतर, नियम सगळ्या गावाला लागू झाला; आणि गावाने एका दिवंगत नागरिकाचं ऋण फेडावं म्हणून त्याला टोंकिन नियम असं नाव द्यायचं ठरलं.

काम चोख सुरू झालं. समुद्रकिनाऱ्यावरचा भोंगा, जो दिवसभर सीगल पक्ष्यांना चिप्स घालू नका असं ओरडतो आणि ज्याच्याकडे लोक आणि पक्षी दोघेही लक्ष देत नाहीत, त्याला सतत वापरात म्हणून कायमचं संरक्षण मिळालं. युद्धस्मारकाचा शेवटचा वापर एप्रिलमधला, सैनिकांच्या स्मृतिदिनाचा निघाला. त्याला समज देऊन सोडण्यात आलं. वाचनालयातल्या तळच्या फळ्या मोकळ्या झाल्या. बचावपथकाची मोठी नाव गेल्या हिवाळ्यापासून कोणी हलवली नव्हती, कारण गेल्या हिवाळ्यापासून कोणी बुडालं नव्हतं. ती एकगठ्ठ्यात गेली. वृद्धाश्रमातल्या खोल्यांची पाहणी झाली तेव्हा असं दिसलं, की मिसेस हार्टविग यांच्याकडे नाताळानंतर कोणी आलेलं नाही आणि त्यांच्या फोनची घंटाही वाजलेली नाही. "शेवटचा वापर: नाताळ" अशी नोंद करून त्यांच्याबाबतचा निर्णय राखून ठेवण्यात आला. मिसेस हार्टविग यांनी पाहणीला आलेल्यांना चहा विचारला होता. ते घाईत होते.

ॲडलेडला रेलीनच्या फोनवर पालिकेचा संदेश आला. नियमाला तिच्या वडिलांचं नाव देण्यास कुटुंबाची संमती हवी होती. तिने संदेश अगदी शेवटापर्यंत वाचला. पालिकेच्या इतिहासात असं करणारी ती पहिलीच. खाली दोन चौकटी होत्या. एकीत लिहिलं होतं "मान्य", दुसरीत "नंतर विचारा". तिने फोन उलटा करून पाहिला, पडदा वर सरकवला, खाली सरकवला. "नाही" अशी चौकट कुठे नव्हती. शेवटी तिने "नंतर" दाबलं. त्याखाली बारीक अक्षरांत होतं, की महिनाभर उत्तर न आल्यास संमती धरली जाईल.

तुम्ही असता तर वेगळं काही दाबलं असतं, असं समजू नका. आज सकाळीच तुमच्या पडद्यावर कोणीतरी असंच काही विचारलं होतं, आणि ते काय होतं हे तुम्हाला आता आठवत नाही. ते मात्र वापरात आहे. वापरात नाही तो एक आवाज, जो तुम्हाला फोन करून फार वेळ घेतो, तेच तेच सांगतो, आणि ज्याला तुम्ही फेब्रुवारीपासून "नंतर करतो" म्हणताय. तो माणूस अजून जिवंत आहे, ही गोष्ट नियमात बसत नाही. त्याच्या नावापुढे खूण झालेली आहे, आणि खालचे सगळे एकगठ्ठा घ्यायचे आहेत.

विरोध कोणाचा?